शासन आणि अनुशासन : विनोबांच्या नेतृत्वाचे स्वरूप

विनायक नरहर भावे तथा विनोबा यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. बडोद्यास शिकत असताना १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस उतरून काशीस गेला आणि तेथून जूनमध्ये कोचरब आश्रमात गांधीजींकडे आला. १९२१ पासून वर्धा ही त्याची कर्मभूमी झाली. हा चरित्रभाग सर्वपरिचित आहे. सत्तेचे पद कधीही न स्वीकारलेल्या या पुरुषामागे असंख्य माणसे का चालली, याचा उलगडा मात्र भूदानापेक्षा त्याआधीच्या गीताचिंतनात अधिक सापडतो.

आई रुक्मिणीबाई यांना समजेल अशी मराठी गीता हवी होती. त्या १९१८ साली निवर्तल्या. ‘गीताई’ सिद्ध झाली ती १९३०-३१ मध्ये. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी अठरा प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी लिहून घेतली. त्यांतील चौथ्या व पाचव्या अध्यायांवरील विवेचन येथे विशेष महत्त्वाचे आहे. विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म, हा शांकरभाष्यातील अर्थ बाजूस ठेवून विनोबांनी विशेष कर्म, म्हणजे बाह्य कर्मास लाभणारी चित्ताची साथ, असा अर्थ केला. कर्मात विकर्म मिसळले की कर्माचा भार नाहीसा होतो, तेच अकर्म. सूर्य कोणालाही उठवावयास जात नाही, तरी त्याच्या असण्यानेच जग कामाला लागते, हा त्यांचा दृष्टान्त. अर्थनिर्णय म्हणून हे मत वादग्रस्त ठरू शकेल. परंतु पुढील पन्नास वर्षांच्या त्यांच्या वर्तनाची ती किल्लीच आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. सशस्त्र उठावाने होरपळलेल्या प्रदेशात, कायदा वा दंड यांचा आधार नसताना हे घडले. येथून सुरू झालेली पदयात्रा तेरा वर्षे चालली. १९५७ पर्यंत ५ कोटी एकरांचा संकल्प होता. दानपत्रांवर आली ती ४० लाखांहून काहीशी अधिक जमीन, आणि तिच्यापैकीही बरीच नापीक, वादातली किंवा न वाटली गेलेली राहिली.

खरी कसोटी १९५६ च्या अखेरीस लागली. तमिळनाडूतील पळणी येथे भूदान समित्या विसर्जित करण्याचा व गांधी स्मारक निधीचे साहाय्य न घेण्याचा निर्णय झाला. तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती अशी त्याची नावे. आंदोलन यंत्रणेच्या बळावर चालू लागले तर माणसे आज्ञाधारक होतील, स्वयंप्रेरित राहणार नाहीत, ही त्यामागील भूमिका. अकर्माच्या तत्त्वाशी ती सुसंगतच होती. परंतु मिळालेली जमीन मोजणे, दाखल करणे, वाटणे ही कामे चिकाटीच्या यंत्रणेवाचून होत नाहीत. सूर्याच्या दृष्टान्तात तलाठ्याच्या दप्तराला जागा नव्हती, असे म्हणणे कठोर असले तरी अन्यायाचे नाही.

दुसरी कसोटी शब्दाची होती. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांचे वर्षभराचे मौन चालू असताना आणीबाणी आली, आणि महाभारतातील अनुशासनपर्वाचे नाव त्यांच्या हवाल्याने सरकारी प्रचारात झळकले. मौन सुटल्यावर त्यांनी भेद स्पष्ट केला : राज्यकर्त्यांचे ते शासन, निर्भय, निर्वैर आचार्यांचे ते अनुशासन. तैत्तिरीय उपनिषदात आचार्य अध्ययन संपविलेल्या शिष्याला करतात तो उपदेश या दुसऱ्या अर्थाचा आहे. जानेवारी १९७६ मध्ये पवनार येथे आचार्यांचे संमेलनही भरले. तथापि तोवर अनेक कार्यकर्ते तुरुंगात होते आणि सर्वोदय परिवार दुभंगला होता. प्रेरणेवर विसंबणाऱ्या नेत्याचा शब्द सत्तेने उचलला, तर तो परत घेण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. विनोबांच्या बाबतीत हे फार उशिरा ध्यानात आले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न व औषध वर्ज्य करून, त्यांनी पवनार येथे देह ठेवला. १९५९ साली तेथेच त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्यामंदिर स्थापिले होते. त्याला प्रमुख नेमला नाही. लहानमोठे सर्व निर्णय भगिनींनी सर्वसंमतीने घ्यावेत, एवढीच व्यवस्था त्यांनी मागे ठेवली.