महर्षी देवेंद्रनाथांची ऋणमुक्ती

मनुष्याने योजावे एक आणि घडावे भलतेच, हा संसारातील नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी चित्ताची प्रसन्नता कशी राखावी, याचा वस्तुपाठ कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील एका गृहस्थाने घालून दिला. ते गृहस्थ म्हणजे महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर, कविवर रवींद्रनाथांचे पिताजी.

देवेंद्रनाथांचा जन्म १८१७ साली झाला. त्यांचे वडील द्वारकानाथ हे त्या काळी बंगालमधील अग्रगण्य धनिक होते. जमीनदारी, नीळ, रेशीम, कोळसा असा त्यांचा व्यापार चहूकडे पसरलेला होता. देवेंद्रनाथ वाढले ते वैभवात. परंतु आजीच्या अंतकाळी गंगातीरी बसले असता त्यांच्या मनात ऐश्वर्याविषयी एकाएकी वैराग्य उपजले. पुढे चित्त उदास असता एके दिवशी एका संस्कृत ग्रंथाचे सुटे पान वाऱ्याने उडून त्यांच्यासमोर आले. पंडित रामचंद्र विद्यावागीश यांनी ते पाहून सांगितले की, हे ईशोपनिषदातील आहे. सर्व जगत् ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून त्यागपूर्वक भोग घ्यावा व कोणाच्याही धनाचा लोभ धरू नये, असा त्या मंत्राचा आशय होता. देवेंद्रनाथांनी तो जीवनाचा आधार मानला. १८३९ साली त्यांनी तत्त्वबोधिनी सभा स्थापिली आणि उपनिषदांच्या अध्ययनास वाहून घेतले.

या श्रद्धेची परीक्षा लवकरच झाली. १८४६ साली द्वारकानाथ लंडनमध्ये निवर्तले. १८४८ च्या आरंभी कलकत्त्याची युनियन बँक बुडाली व त्यांची कार-ठाकूर कंपनीही कोसळली. हिशेब पाहता देणे सुमारे एक कोटी रुपयांचे आणि येणे सत्तर लाखांचे निघाले. उरलेले तीस लाख कोठून आणावयाचे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

द्वारकानाथांनी काही जमीनदारी मुलांसाठी विश्वस्तांच्या हाती सोपवून ठेवलेली होती. कायद्याने तिला धनकोंचा हात लागू शकत नव्हता. घरात पत्नी, मुले, धाकटे बंधू; सारा परिवार त्याच उत्पन्नावर अवलंबून. ती जमीनदारी राखून ठेवली असती, तर न्यायालय दोष देऊ शकत नव्हते. परंतु पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, येथे कायद्याची पळवाट धर्माला मान्य नाही, अशी देवेंद्रनाथांची निष्ठा होती. बंधू गिरींद्रनाथांच्या संमतीने त्यांनी ती जमीनदारीही धनकोंपुढे ठेवली. धनको चकित झाले, काहींचे डोळे पाणावले. त्यांनी स्वतः होऊन कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालीना पंचवीस हजार रुपये नेमून दिले आणि पुढे कारभारही बंधूंच्याच हाती परत सोपविला.

देवेंद्रनाथांनी नोकरचाकर कमी केले, गाड्या-घोडे लिलावात काढले, अन्नवस्त्र साधे केले. विशेष हे की, या दिवसांत त्यांना दैन्य वाटले नाही. जे सोडावे असे मनात होते, ते ईश्वरानेच सोडविले, असे मानून ते संतोषाने राहिले. मात्र हा संतोष निष्क्रिय नव्हता. ऋणाचा भार वर्षानुवर्षे वाहून त्यांनी तो फेडला. एका धर्मादाय संस्थेस वडिलांनी शब्द दिलेली एक लाखाची देणगीही त्यांनी चुकविली नाही.

१८५६ साली ते हिमालयाकडे निघून गेले. तेथेच राहावे असे वाटत असता, निर्मळ पर्वतीय नदी भूमीला सुपीक करण्यासाठी चिखलमातीतही खाली उतरते, हे पाहून त्यांना परतण्याची आज्ञा झाल्यासारखे वाटले. १८५८ साली ते कलकत्त्यास आपल्या माणसांत परतले. त्यांच्याच घरात पुढे रवींद्रनाथ जन्मले. त्यांचे पुत्र ज्योतिरिंद्रनाथ यांनी लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' ग्रंथ मराठीतून बंगालीत नेला. १९०५ साली महर्षींनी देह ठेवला.

धन जाणे वा राहणे गृहस्थाच्या हाती नसते. ते गेल्यावर आपण कसे वागावे, एवढे मात्र त्याच्या हाती असते. वैभव असतानाच ते ईश्वराचे म्हणून देवेंद्रनाथांनी मनाने वेगळे ठेवले होते. म्हणून ते गेले तेव्हा त्यांचे मन त्याच्याबरोबर गेले नाही आणि कर्तव्यासाठी मोकळे राहिले. संकटापूर्वीच, सुखाच्या दिवसांत ही सवय आपण लावून घेतली, तर अवचित आलेला प्रसंगही आपणांस परका वाटणार नाही.