मुद्देसूद बोलावयास शिकविणारे बाबासाहेब

कर्जत-खालापूरच्या धम्मबंधू-भगिनींनो, बाजारात, लग्नकार्यात कोणी विचारतो, वाडवडिलांचा धर्म का सोडलात? आपली मुले एकतर भांडतात, नाहीतर गप्प बसतात. त्यांना प्राध्यापक आंबेडकरांची ओळख करून द्या.

१८९१ साली जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथे जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याची बांधणी पाहा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या प्रथम मांडल्या. त्यांतले ग्राह्य काय, उणे काय, ते दाखविले. मग जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म ठरविले, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांचा उलगडा त्यावरूनच केला. वय अवघे पंचवीस!

१९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, १९३५ साली सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. त्यांच्या संस्थेचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली मुंबईत निघाले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे.

आणि तो बाजारातला प्रश्न? ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी तोच हाती घेतला. धर्मांतराची ऐहिक बाजू मांडली, तात्त्विक बाजू मांडली. वाडवडिलांचा धर्म, राजकीय हक्क, असे आक्षेप घेऊन एकेकाला उत्तर दिले. दीक्षा त्यानंतर वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतली. ते भाषण मराठीतच आहे, घरात मोठ्याने वाचता येते.