जॉर्ज हॅडली

मृग निघाला कीं आमच्या नांदेड-लातूरकडे पश्चिमेचा वारा सुटतो आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. थंडींत वारा फिरतो व बहुधा ईशान्येकडून येऊं लागतो. वारे असे तिरपे कां वाहतात, याचें कारण ज्यानें पृथ्वीच्या फिरण्यांत शोधिलें, त्या पुरुषाची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहों.

हॅडलीचा जन्म १६८५ सालीं लंडन येथें झाला. ऑक्सफर्ड येथें शिकून १७०९ सालीं तो बॅरिस्टर झाला. परंतु त्याचा खरा ओढा सृष्टिशास्त्राकडे होता. वडील बंधु जॉन यानें खलाशांच्या उपयोगाचें ऑक्टंट नांवाचें यंत्र बनविलें होतें व त्याचाच सर्वत्र बोलबाला होता.

विषुववृत्तावर हवा तापून वर चढते, तेथें दाब कमी होतो व दोहों बाजूंची हवा तिकडे धांवते, हें एडमंड हॅले यानें १६८६ सालींच सांगितलें होतें. (हॅले व हॅडली यांच्या नांवांत मोठमोठ्यांचीही गल्लत होते.) पण मग वारा सरळ न येतां पूर्वेकडून कां येतो? हॅलेचें उत्तर समाधानकारक नव्हतें. हॅडलीनें १७३५ सालीं रॉयल सोसायटीपुढें एका लहानशा निबंधांत हें कोडें उलगडलें.

त्याचा विचार आम्ही आपल्याकडील उदाहरणानें सांगतों. पृथ्वीबरोबर नांदेडची भूमि ताशीं सुमारें १५८० किलोमीटर वेगानें पूर्वेस जाते, तर विषुववृत्तावरील भूमि सुमारें १६७० किलोमीटर. येथील हवा दक्षिणेस निघाली म्हणजे ती तेथल्या भूमीच्या मागें पडते, व तेथल्या माणसास वारा ईशान्येचा भासतो. वाटेंत भूमीशीं घर्षण होत असल्यामुळें हा फरक ताशीं ९० किलोमीटर इतका राहत नाहीं, हेंही हॅडलीनें ओळखलें होतें. उलट, पावसाळ्यांत विषुववृत्त ओलांडून उत्तरेस येणारा वारा पूर्वेकडे वळतो. तोच आमचा नैर्ऋत्य मोसमी वारा.

त्याचा हिशोब सर्वस्वी बिनचूक नव्हता. तापलेली हवा थेट ध्रुवांपर्यंत जाते असें तो समजे. ती तीस अंशांच्या सुमारास खालीं उतरून तेथें जास्त दाबाचा पट्टा निर्माण करते, हें पुढें कळलें.

निबंधाकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १७६८ सालीं फ्लिटन या गांवीं हॅडली वारला. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं जॉन डाल्टन यानें तोच विचार स्वतंत्रपणें मांडला. आणि हॅडलीनें तो पूर्वींच लिहून ठेविल्याचें कळतांच मान हॅडलीस दिला. उष्ण कटिबंधांतील हवेच्या त्या चक्रास आज हॅडलीचेंच नांव आहे.