विल्यम हेन्री सायक्स

विल्यम हेन्री सायक्स (२५ जानेवारी, १७९० - १६ जून, १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. दख्खनमधील पक्षी व गोड्या पाण्यातील मासे यांच्या प्रारंभीच्या शास्त्रीय नोंदींसाठी ते ओळखले जातात. महाराष्ट्रातील नद्यांमधील अनेक माशांची शास्त्रीय नावे त्यांनी मराठी बोलीतील नावांवरून ठेवली. गळाने मासेमारी करणाऱ्यांत प्रसिद्ध असलेला दख्खनचा महसीर, म्हणजेच टोर खुद्री, ही त्यांपैकीच एक जाती होय.

प्रारंभिक जीवन व लष्करी सेवा

सायक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते कंपनीच्या लष्करात दाखल झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांच्या हाताखाली भरतपूरच्या वेढ्यात ते सहभागी होते. पुढील काही वर्षांत त्यांनी हिंदुस्थानी व मराठी या भाषा आत्मसात केल्या. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठे युद्धात खडकी व पुणे येथील लढायांमध्ये त्यांनी देशी पलटणीचे नेतृत्व केले. पेशवाईचा अंत घडवणाऱ्या सैन्यातील या अधिकाऱ्याने पुढे त्याच मुलखाची तपशीलवार पाहणी केली.

दख्खनची पाहणी

१८२० ते १८२४ या काळात युरोपचा प्रवास करून सायक्स भारतात परतले. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांतील लोकसंख्या, जमीनधारणा, पिके, हवामान व प्राणिजीवन यांची माहिती त्यांनी गोळा केली. १८२९ च्या अखेरीस सरकारने हे पद रद्द केले. तरीही लष्करी कामातून रजा घेऊन त्यांनी पाहणी चालू ठेवली आणि जानेवारी १८३१ मध्ये ती पूर्ण केली.

आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असल्याने या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले. तथापि त्यांनी वर्णिलेल्या काही जातींचा संबंध या प्रदेशाशीही येतो. कोलीसुरा या रानटी रेशीमकिड्यावर त्यांनी १८३४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. हे रेशीम म्हणजेच टसर. विदर्भात त्यास कोसा म्हणतात. ऐन व अर्जुन या वृक्षांवर घेतले जाणारे हे उत्पादन पूर्व विदर्भातील ढीवर समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे.

मत्स्यविषयक कार्य

दख्खनमधील माशांवरील सायक्स यांच्या निबंधाचा सारांश १८३९ मध्ये, तर सचित्र पूर्ण निबंध १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात भीमा, मुळा-मुठा आदी नद्यांमधील चाळीसहून अधिक जातींचे वर्णन असून त्यांतील बहुसंख्य जाती शास्त्राला नवीन होत्या.

खुद्री, कोलस, पोटेल, कवरस, फुलंगी, शिंगटी, घोगरा, अळकुटी अशा स्थानिक नावांना त्यांनी शास्त्रीय नामावलीत स्थान दिले. रोहटी हे तर संपूर्ण प्रजातीचे नाव झाले. काही जातींना मात्र त्यांनी यारेल, चिल्ड्रेन, ओगिल्बी, व्हिगर्स या ब्रिटिश अभ्यासकांची नावे दिली. बॅगारिअस यारेली, सिलोनिया चिल्ड्रेनी आणि रिटा कुटर्नी हे मासे कृष्णेप्रमाणेच गोदावरीच्या खोऱ्यातही आढळतात. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून बनणारी आणि सिरोंचाजवळ गोदावरीस मिळणारी प्राणहिता याच खोऱ्यातील नदी होय. सिलोनिया चिल्ड्रेनी ही जाती आज संकटग्रस्त गणली जाते.

महसीरविषयक वाद

सायक्स यांच्या अनेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे पुढील अभ्यासकांना त्यांची चित्रे व त्रोटक वर्णने यांवर विसंबावे लागले. याचा सर्वाधिक परिणाम मुसुल्ला या जातीबाबत झाला. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा यांनी हे नाव उंच पाठीच्या महसीरला लावले. पुढे कावेरीतील विशाल, कुबडधारी महसीरही याच नावाने ओळखला जाऊ लागला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सायक्स यांचा मुसुल्ला हा महसीर नसून हिप्सेलोबार्बस प्रजातीतील मासा असल्याचे दाखवले. कावेरीतील माशाची ओळख टोर रेमादेवी अशी २०१८ मध्ये निश्चित झाली. तोपर्यंत तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला होता आणि योग्य नावाअभावी संरक्षित जातींच्या यादीत त्याची नोंदही नव्हती.

दरम्यान, १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळील टाटा वीज कंपनीच्या केंद्रात टोर खुद्रीचे कृत्रिम प्रजनन करण्यात आले. तेथील मत्स्यबीज देशातील अनेक जलाशयांत व कावेरीतही सोडले गेले. कावेरीतील मूळ महसीरच्या ऱ्हासाचे हे एक कारण मानले जाते. सायक्स यांनी खुद्रीची नोंद पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत केली होती. शहराजवळील तो प्रवाह आज अतिशय प्रदूषित आहे.

अन्य कार्य

सायक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील पक्षी व सस्तन प्राणी यांच्या सूची प्रसिद्ध केल्या. वंचक बगळ्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनीच प्रथम केले. एका रातव्याच्या नावात त्यांनी मराठ्यांच्या देशाचा निर्देश केला, तर एका चंडोलाला देव आणि एका वटवट्याला राम ही नावे दिली. हे तिन्ही पक्षी आज सायक्स यांच्या नावाने ओळखले जातात. वेरूळची लेणी, दख्खनचे हवामान व प्राचीन भारतातील बौद्ध धर्म यांवरही त्यांनी लेखन केले.

उत्तरायुष्य

१८३३ मध्ये कर्नल या हुद्द्यावर सायक्स सेवानिवृत्त झाले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य, १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचे सदस्य आणि १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. १८५७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी संसदेत ॲबर्डीनचे प्रतिनिधित्व केले. १८६३ मध्ये ते लंडनच्या सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. लंडनमधील केन्सिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभरात प्रकाशित झालेल्या हेन्री सलिव्हन टॉमस यांच्या ग्रंथामुळे महसीर गळाने मासे पकडणाऱ्यांमध्ये विख्यात झाला. फ्रान्सिस डे यांनीही भारतीय माशांवरील आपल्या ग्रंथात सायक्स यांच्या जातींची दखल घेतली.