भगिनी अँथनी ओकॉनेल

नंदाखालचे पवित्र आत्म्याचे देऊळ १५७३ सालचे. त्यावरून जाताना रोमन मंडळीच्या एका परिचारिकेचे आम्हांस स्मरण होते. तिचा पंथ आमचा नव्हे. तरी तिचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

मेरी एलन ओकॉनेल हिचा जन्म १८१४ साली आयर्लंडात लिमरिक येथे झाला. अमेरिकेस गेल्यावर १८३५ साली तिने धर्मभगिनींच्या संघात प्रवेश केला. सिनसिनाटी शहरी अनाथ मुलांच्या संगोपनात तिची बरीच वर्षे गेली. १८६१ साली गुलामगिरीवरून त्या देशात भावाभावांचे युद्ध पेटले. सहाशेंहून अधिक धर्मभगिनी शुश्रूषेस निघाल्या, त्यांत ही होती. एप्रिल १८६२ मध्ये शायलो येथे दोन दिवसांत दोन्ही पक्षांचे मिळून तेवीस हजारांवर सैनिक मेले, घायाळ झाले किंवा नाहीसे झाले. नदीतील आगबोटींवर तिने घायाळांची सेवा केली. रणभूमीवरील प्रेतांची दुर्गंधी असह्य होई, तेव्हा बोटी वरच्या अंगास न्याव्या लागत. हा आपला, तो शत्रूचा, असे तिने पाहिले नाही.

१८६६ साली दोघा धनिकांनी रुग्णालयासाठी तिला इमारत घेऊन दिली. अट एवढीच, की वर्ण वा धर्म पाहून कोणास परत धाडू नये. ज्यांच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीवरून परत फिरावे लागले, त्या वाचकांस ह्या अटीचे मोल आम्ही काय सांगावे? रुग्णालयास चांगल्या शोमरोन्याचे नाव दिले गेले. ८ डिसेंबर १८९७ रोजी ती निवर्तली.