संसदेच्या वाटेवरचा कम्युनिस्ट

तुकोबांच्या देहूला आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीने वेढले आहे. या पट्ट्यातील कामगाराला युनियन, संप, करार हे शब्द परके नाहीत. महाराष्ट्रात हे शब्द रुजवणाऱ्यांत कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचे नाव अग्रभागी येते. मात्र गिरणी कामगारांचा नेता एवढीच त्यांची ओळख अपुरी ठरते. क्रांती बंदुकीने की मतपेटीने, या युरोपातील कम्युनिस्टांना पडलेल्या प्रश्नाशी ते आयुष्यभर झुंजले. त्यांनी मतपेटीची वाट निवडली आणि त्या निवडीची किंमतही मोजली.

डांगे यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९९ रोजी नाशिक जिल्ह्यातील करंजगाव येथे झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकत असतानाच ते असहकार चळवळीकडे ओढले गेले. १९२१ मध्ये त्यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. पुढच्याच वर्षी 'सोशालिस्ट' हे साप्ताहिक सुरू केले. १९२४ च्या कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९२८ मध्ये मुंबईतील कापड गिरण्यांचा सुमारे सहा महिने चाललेला संप झाला आणि गिरणी कामगार युनियनचे सरचिटणीस म्हणून डांगे गिरणगावाचे नेते ठरले. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी त्यांना पुन्हा अटक झाली. या खटल्यात झालेली बारा वर्षांची शिक्षा अपिलात तीन वर्षांवर आली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये पक्षाने सशस्त्र उठावाचे धोरण स्वीकारले. त्यातून पक्षाची प्रचंड हानी झाली. अखेर १९५१ च्या आरंभी चार भारतीय नेते गुप्तपणे मॉस्कोला जाऊन स्टॅलिन यांना भेटले. त्यांत डांगेही होते. त्यानंतर पक्षाने उठावाचा मार्ग सोडला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भाग घेतला.

१९५६ मध्ये सोव्हिएत पक्षाच्या विसाव्या काँग्रेसमध्ये ख्रुश्चेव्ह यांनी स्टॅलिन यांच्या राजवटीवर टीका केली. समाजवादाकडे शांततेच्या मार्गानेही जाता येते, हा विचारही तेथे मान्य झाला. इटलीत पाल्मिरो तोग्लियाती यांनी आपल्या देशाला साजेशा स्वतंत्र वाटेचा आग्रह धरला. इकडे १९५७ मध्ये केरळात कम्युनिस्ट सरकार निवडून आले. १९५८ च्या अमृतसर अधिवेशनात भारतीय पक्षाने शांततामय मार्गाला आपल्या घटनेत स्थान दिले.

महाराष्ट्रात या मार्गाचा प्रत्यय संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आला. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारख्या भिन्न विचारांच्या नेत्यांसोबत डांगे समितीत उभे राहिले. १९५७ मध्ये मुंबईतून ते मोठ्या मताधिक्याने लोकसभेवर गेले. १ मे १९६० रोजी, कामगार दिनीच, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

१९६२ मध्ये ते पक्षाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी चीनने आक्रमण केले तेव्हा त्यांनी नेहरूंच्या सरकारची बाजू घेतली. पक्षातील मतभेदांना येथून धार आली. सार्वजनिक उद्योग उभारणारे नेहरूंचे सरकार पुरोगामी आहे, तेव्हा त्यातील पुरोगामी शक्तींशी हात मिळवावा, असे डांगे गटाचे मत होते. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही अशाच सरकारी उद्योगांपैकी एक. विरोधी गटाला मात्र हे धोरण म्हणजे वर्गसंघर्षाला सोडचिठ्ठी वाटे. १९२४ मध्ये तुरुंगातून ब्रिटिशांना सहकार्य देऊ करणारी पत्रे डांगे यांच्या नावाने १९६४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली. ती बनावट असल्याचे डांगे यांनी सांगितले. पण एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतील ३२ सदस्य सभात्याग करून बाहेर पडले आणि त्याच वर्षी पक्ष दुभंगला.

येथूनच डांगे आणि युरोपातील सुधारणावादी कम्युनिस्ट यांच्या वाटा वेगळ्या होऊ लागल्या. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात अलेक्झांडर दुबचेक यांनी समाजवादाला लोकशाहीची जोड देण्याचा प्रयोग केला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. इटली, फ्रान्स व स्पेनच्या पक्षांनी या कारवाईला विरोध केला. डांगे यांच्या पक्षाने मात्र मॉस्कोची पाठराखण केली. युरोपात संसदीय मार्ग आणि मॉस्कोपासूनचे स्वातंत्र्य या गोष्टी हातात हात घालून आल्या. डांगे यांच्याकडे संसदीय मार्ग होता, पण मॉस्कोवरची निष्ठा सुटली नाही आणि काँग्रेसची सोबतही घट्ट होत गेली.

१९७५ मध्ये आणीबाणी आली आणि पक्षाने तिला पाठिंबा दिला. नागरी स्वातंत्र्य गोठवणाऱ्या राजवटीच्या बाजूला, एकेकाळी स्वतः वर्षानुवर्षे तुरुंगात काढलेला हा नेता उभा राहिला. मार्च १९७७ च्या आरंभी बर्लिंगुएर, मार्शे आणि कारियो हे इटली, फ्रान्स व स्पेनचे कम्युनिस्ट नेते माद्रिदमध्ये भेटले आणि त्यांनी लोकशाही स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. त्याच महिन्यात भारतीय मतदारांनी इंदिरा गांधींची सत्ता उलथवली. १९७१ मध्ये २३ जागा जिंकणाऱ्या भाकपला अवघ्या सात जागा मिळाल्या.

१९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने आणीबाणीच्या पाठिंब्याची चूक मान्य केली. डांगे मात्र काँग्रेसशी सहकार्याच्या भूमिकेवर ठाम राहिले. ज्या पक्षाच्या उभारणीत त्यांचे तारुण्य गेले, त्याच पक्षातून १९८१ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांना काढून टाकण्यात आले.

२२ मे १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाने आपले नाव सोडले होते आणि डिसेंबरात सोव्हिएत संघ नकाशावरून पुसला गेला. डांगे यांनी घडवलेली कामगार संघटनेची परंपरा मागे राहिली. तिच्याबरोबर एक प्रश्नही राहिला: मतपेटीचा मार्ग पत्करणाऱ्या पक्षाने सत्तेशी सलगी कोठवर करावी? देहूच्या आसपासच्या कारखान्यांत युनियनचा फलक लावणाऱ्यांनाही तो चुकलेला नाही.