लॉइस विल्सन : व्यसनग्रस्तांच्या कुटुंबीयांचा आधार

दारूच्या आहारी गेलेल्या माणसावर उपचार व्हावेत, हे सर्वांनाच पटते. त्याच्या घरच्यांनाही काही शिकावे लागते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हे सत्य लॉइस विल्सन यांना स्वतःच्या संसारात उमगले.

लॉइस यांचा जन्म ४ मार्च १८९१ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. १९१८ मध्ये बिल विल्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बिल यांचे मद्यपान वाढत गेले, तसा ते सोडवण्याचा ध्यासच लॉइस यांनी घेतला. १९२५ मध्ये नोकरी सोडून त्या पतीसह मोटारसायकलवरून भ्रमंतीला निघाल्या. मोकळ्या हवेत, मित्रांपासून दूर, पतीची दारू सुटेल ही त्यांची भाबडी आशा होती. ती फोल ठरली. मातृत्वाचे स्वप्न भंगले आणि १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यानंतर पैसाही गेला. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करून त्यांनी घर चालवले.

डिसेंबर १९३४ मध्ये बिल यांची दारू कायमची सुटली. पुढच्याच वर्षी त्यांनी डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'चा पाया घातला. आता लॉइस सुखी व्हायला हव्या होत्या. परंतु एके दिवशी बिल यांनी सभेला निघण्याची घाई करताच त्यांनी संतापून बूट भिरकावला. त्या रागाने त्या स्वतःच चकित झाल्या. सतरा वर्षांच्या आपल्या प्रेमाला जे जमले नाही ते परक्यांनी साधले, हे शल्य त्यांना बोचत होते. पतीला सुधारण्याच्या खटाटोपात आपले स्वतःचे आयुष्य हरवले, हे त्यांना तेव्हा कळले. सावरण्याची गरज त्यांनाही होती.

१९३९ मध्ये राहते घर गेले. सुमारे दोन वर्षे स्नेह्यांच्या आश्रयाने काढल्यावर १९४१ मध्ये बेडफर्ड हिल्स येथे या दांपत्याला स्वतःचे घर मिळाले. तिथेच १९५१ मध्ये लॉइस यांनी मैत्रीण अॅन यांच्या साथीने विखुरलेल्या ८७ कुटुंबगटांना पत्रे पाठवली. त्यातून 'अल-अॅनॉन' उभी राहिली. व्यसनाला आपण कारणीभूत नाही, ते आपल्या ताब्यात येत नाही आणि आपल्या हातून बरेही होत नाही, ही या संस्थेची शिकवण. अपराधी भावनेत होरपळणाऱ्या बायका आणि आईवडिलांना तिने केवढा तरी दिलासा दिला. १९५७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी 'अलाटीन'ची जोड मिळाली.

२४ जानेवारी १९७१ रोजी, विवाहाच्या ५३ व्या वाढदिवशी, बिल यांचे निधन झाले. लॉइस यांनी त्यानंतरही कार्य सुरूच ठेवले. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला. आज शंभरहून अधिक देशांत, भारतातही, हे गट भरतात. घरातला माणूस पिणे सोडो वा न सोडो, आपले जगणे सावरता येते, हा धडा त्या गटांत एकमेकांच्या अनुभवातून गिरवला जातो.